पंधरा अंशांवरचा सूर

हा प्रश्न एकदा वर्गात विचारून पाहावा : बासरी तापली तर तिचा सूर चढेल की उतरेल?

नववी-दहावीची मुले बहुधा चटकन उत्तर देतात, "उतरेल." कारणही त्यांच्याजवळ तयार असते. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, म्हणून बासरी लांब होईल. आणि लांब नळीचा स्वर खालचा असतो. दोन्ही वाक्ये पाठ्यपुस्तकातली आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. उत्तर मात्र चुकीचे आहे. तापलेल्या बासरीचा सूर चढतो, आणि तो कानाला सहज कळेल इतका चढतो.

मुलांची ही चूक क्षम्य आहे. कारण उष्णता आणि सूर यांच्या नात्याने गेल्या शतकांत जाणत्या माणसांनाही घोळात पाडले आहे. आज जगभर वाद्ये जुळवण्यासाठी ४४० हा आकडा वापरला जातो. तो जेथून आला त्या वाटेवर तापमानाच्या अवघ्या पाच अंशांचा एक घोटाळा उभा आहे. ही त्या घोटाळ्याची हकिकत.

वादकांना ठाऊक होते

योहान योआखिम क्वांट्‌झ हा प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा बासरीचा गुरू. १७५२ साली त्याने बासरीवादनावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. वाद्ये जुळवण्याविषयी त्यात एक व्यवहारी सूचना आहे. फुंकीची वाद्ये उबेने चढतात आणि तंतुवाद्ये उबेने उतरतात. थंडीत याच्या उलट घडते. म्हणून उकाड्याच्या दिवसांत बासरीवाल्याने आपले वाद्य थोडे खालीच लावून ठेवावे, म्हणजे वाजवता वाजवता ते बरोबर जागी येईल.

तंतुवाद्यांचे कारण समजायला सोपे आहे. तार तापली की लांबते, तिचा ताण सैल होतो आणि सूर उतरतो. बासरीचे काय? त्या काळी याचे उत्तर देण्याची सामग्री नुकतीच जमू लागली होती. १७३८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तोफांच्या साहाय्याने ध्वनीचा हवेतील वेग मोजला. १७४० मध्ये इटलीतील बियांकोनी याने दाखवून दिले की हा वेग कायम नसतो, हवा उबदार असली की तो वाढतो. तोफेच्या आवाजावरील हे निरीक्षण आणि बासरीवाल्याचा अनुभव ही एकाच गोष्टीची दोन टोके होती.

नळी की हवा?

बासरीत कंप पावते ती नळीतली हवा. नळीच्या लांबीवरून ठरते ती तरंगलांबी. ध्वनीचा वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी. म्हणून तरंगलांबी तीच राहून वेग वाढला, तर वारंवारता त्याच प्रमाणात वाढली पाहिजे.

वेग किती वाढतो? तो केल्विनमधील तापमानाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. ०°से. ला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर, १५°से. ला ३४०, २०°से. ला ३४३. नेहमीच्या हवामानात दर अंशाला ही वाढ सुमारे ०.१७ टक्के भरते. म्हणजे हवा १० अंशांनी तापली तर सूर सुमारे पावणेदोन टक्क्यांनी चढेल. लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक यांच्यात, सुमारे सहा टक्क्यांचे अंतर असते. तेव्हा पावणेदोन टक्के म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. एवढा फरक असला तर बेसूर झाले हे श्रोत्याला सांगावे लागत नाही.

आता मुलांचे प्रसरण हिशेबात घेऊ. धाग्याच्या दिशेने लाकडाचे प्रसरण फारच थोडे असते; दर अंशाला लांबीच्या लाखाव्या भागाहूनही कमी. ७० सेंमी. लांबीची बासरी १० अंशांनी तापली तर ती वाढेल मिलिमीटरच्या चार-पाच शतांशांनी. हवेमुळे चढलेला सूर पुन्हा खाली आणायचा तर मात्र तीच बासरी सुमारे १२ मिलिमीटरनी लांब करावी लागेल. मुलांनी सांगितलेला परिणाम खरा आहे. पण त्याच्या समोर उभा असलेला दुसरा परिणाम त्याहून काहीशे पटींनी मोठा आहे. दोन कारणे उलट दिशांनी ओढत असतील तर त्यांचे माप काढल्याशिवाय निकाल देऊ नये, हा धडा या एका उदाहरणात चांगला पटतो.

ओलाव्याची गोष्ट

आर्द्रतेचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. दमट हवा जड असते असे आपल्याला वाटते, पण बाष्पाचा रेणू (१८) हा हवेच्या सरासरी रेणूपेक्षा (२९) हलका असतो. त्यामुळे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते आणि तिच्यात ध्वनी किंचित जलद जातो. तरीही २०°से. ला अगदी कोरडी हवा पूर्ण संपृक्त केली, तरी वेगात जेमतेम एक-तृतीयांश टक्क्याची वाढ होते. तापमान दोन अंशांनी वाढले तरी एवढे होते. शिवाय वादकाच्या श्वासात बाष्पाबरोबर सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइडही असतो. तो जड असल्याने सूर उतरवतो. हे दोन परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांना खाऊन टाकतात.

ओलाव्याचा खरा मारा हवेवर होत नाही. तो लाकडावर होतो. लाकूड पाणी शोषून आडव्या अंगाने फुगते आणि वाळले की आकसते. आतला भाग श्वासाने ओला आणि बाहेरचा कोरडा राहिला तर ओबो किंवा क्लॅरिनेटच्या नळीला तडाही जातो. म्हणून वादक वाजवून झाल्यावर नळी आतून पुसून ठेवतात. पावसाळ्यात तबल्याचे कातडे सैल होऊन सूर उतरतो, तोही याच जातीचा परिणाम. थोडक्यात, आर्द्रता वाद्याच्या अंगावर सावकाश काम करते आणि उष्णता त्याच्यातल्या हवेवर मिनिटामिनिटाला.

चढत गेलेला सूर

अठराव्या शतकात युरोपात सर्वमान्य असा आधारस्वर नव्हता. गावोगावचे चर्चमधील ऑर्गन निरनिराळ्या सुरांत होते. (हा ऑर्गन म्हणजे शेकडो शिट्यांसारख्या नळ्यांचे अवाढव्य वाद्य. मराठी संगीत रंगभूमीवरचा ऑर्गन धातूच्या पट्ट्यांवर वाजतो. त्याचा येथे संबंध नाही.) सूर एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याचे साधन १७११ च्या सुमारास मिळाले. लंडनमधील ट्रंपेटवादक जॉन शोअर याने नादकाटा तयार केला. संगीतकार हँडेल याचा म्हणून जपून ठेवलेल्या नादकाट्याचा 'ए' हा स्वर, म्हणजे आपली पांढरी सहा, ४२२.५ हर्ट्‌झ भरतो.

पुढच्या शंभर वर्षांत हा स्वर चढत गेला. चढ्या सुरात वाद्यमेळ अधिक तेजस्वी वाटतो, म्हणून वाद्ये बनवणारे आणि लष्करी बँड त्याला वर ढकलत राहिले. १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात तो ४४८ होता, ब्रसेल्समधील एका लष्करी बँडमध्ये ४५५. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या वाद्यवृंदात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो ४५२.५ च्या आसपास होता. हँडेलच्या काट्यापेक्षा हा अर्ध्या स्वराहूनही अधिक चढा.

याचा भार कोणावर पडला? पहिला गाणाऱ्यांवर. तार ताणता येते, गळा तसा ताणता येत नाही. जुन्या रचनेतला वरचा स्वर आता अर्धा स्वर वर गेलेला असे, आणि तो रोज रात्री लावावा लागे. दुसरा भार फुंकीची वाद्ये वाजवणाऱ्यांवर. सूर बदलायचे ठरले की व्हायोलिनवाला खुंटी पिळून मोकळा होतो. बासरीची किंवा ओबोची लांबी आणि भोकांच्या जागा मात्र एका ठरावीक सुरासाठी कोरलेल्या असतात. सांध्यात थोडी ओढून बासरी किंचित उतरवता येते, पण फार ओढली तर स्वरांचे आपसातले प्रमाणच बिघडते. म्हणजे सूर बदलला की या माणसाला नवे वाद्य घ्यावे लागते, आणि तेही पदरच्या पैशाने.

पॅरिसचा आयोग

१८५८ मध्ये फ्रेंच सरकारने या प्रश्नावर एक आयोग नेमला. त्याचा अहवाल लिहिला संगीतकार आलेव्ही यांनी. सभासदांत रोसिनी, बेर्लियोझ, मेयरबेर, ओबेर यांच्यासारखे नामवंत संगीतकार होते, लष्करी संगीताची माहिती असलेला एक सेनापती होता आणि देप्रे व लिसाजू हे दोन भौतिकशास्त्रज्ञ होते. हा लिसाजू म्हणजे आपण ऑसिलोस्कोपवर दाखवतो त्या 'लिसाजू आकृत्यां'चा जनक. त्या आकृत्या त्याने मुळात शोधल्या त्या नादकाट्यांची कंपने डोळ्यांना दिसावीत आणि त्यांची तुलना अचूक व्हावी, म्हणूनच.

आयोगाने देशोदेशींचे नादकाटे मागवून मोजले आणि मध्यम मार्ग निवडला. १६ फेब्रुवारी १८५९ च्या आदेशाने 'ए' स्वर ४३५ हर्ट्‌झ ठरला. त्या काळच्या फ्रेंच पद्धतीत काट्याचे जाणे आणि येणे वेगवेगळे मोजत, म्हणून आदेशात आकडा आहे ८७०. त्याच्याशेजारी तापमानही लिहिले गेले : १५ अंश सेल्सियस. या मापाचा प्रमाण नादकाटा पॅरिसच्या संगीत विद्यालयात ठेवण्यात आला.

तापमान लिहिणे अगदी शास्त्रशुद्ध होते. प्रमाण म्हणून ठेवलेली कोणतीही वस्तू किती तापमानाला ते माप दाखवते, हे सांगावेच लागते. पण येथे ती वस्तू होती पोलादाचा काटा. पोलाद तापले की त्याची लवचीकता थोडी घटते आणि काट्याचा सूर किंचित उतरतो. किती? दर अंशाला सुमारे नऊ हजारांत एक भाग. पुढे रुडॉल्फ क्योनिग याने हे काळजीपूर्वक मोजले. काटा १५ वरून २०°से. ला नेला तर ४३५ चे होतात सुमारे ४३४.८. कानाला हा फरक कळणारही नाही.

हवेच्या नळीचे तसे नाही. १५°से. ला ४३५ वर जुळवलेली ऑर्गनची नळी २०°से. ला ४३८.८ वर जाते. म्हणजे थंड सकाळी काटा आणि नळी एकसुरात आहेत. दुपारी खोली पाच अंशांनी तापली की तीच जोडी सेकंदाला चार विस्पंद देऊ लागते. एक किंचित उतरला आणि दुसरी बरीच चढली. आता आदेशातले '१५ अंश' कोणाचे समजायचे, पोलादाचे की हवेचे?

लंडनचा हिशेब

इंग्लंडात चढा सूर बराच काळ टिकला. तो मोडण्यात एका डॉक्टरचा हात होता. जॉर्ज कॅथकार्ट हे लंडनमधील घशाचे तज्ज्ञ. गायकांचे ताणलेले गळे तपासणे हा त्यांचा व्यवसायच. १८९५ मध्ये रॉबर्ट न्यूमन यांनी क्वीन्स हॉलमध्ये स्वस्त तिकिटांच्या मैफली सुरू करायचे ठरवले तेव्हा त्यांना भांडवल हवे होते. कॅथकार्ट यांनी पैसा पुरवला, पण अट घातली की वाद्यवृंदाने फ्रेंच पद्धतीचा उतरता सूर घ्यावा. वादकांपुढचा प्रश्न उघड होता : नवी वाद्ये कोण घेणार? कॅथकार्ट यांनी बेल्जियममधून उतरत्या सुराची वाद्ये स्वतः विकत आणून वादकांना वापरायला दिली. १० ऑगस्ट १८९५ रोजी तरुण हेन्री वुड यांच्या संचालनाखाली पहिली मैफल झाली. 'प्रॉम्स' या नावाने या मैफली आजही भरतात.

पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, फिलहार्मोनिक सोसायटीनेही सूर उतरवला. पण तिने ४३५ घेतले नाहीत. विचार असा झाला : फ्रेंच प्रमाण ५९ अंश फॅरनहाइटचे (म्हणजे १५°से.) आहे. आपली सभागृहे श्रोत्यांनी आणि दिव्यांनी तापलेली असतात, तेथे तापमान ६८ अंश फॅरनहाइट (म्हणजे २०°से.) असते. फुंकीची वाद्ये तेवढ्या फरकाने चढतात. तेव्हा ५९ अंशांवरचे ४३५ म्हणजे ६८ अंशांवरचे ४३९. म्हणून आपले प्रमाण ४३९.

यातला गुणाकार बिनचूक आहे. तो वर आपण स्वतः करून पाहिलाच. चूक आहे ती गृहीतकात. फ्रेंचांचे १५ अंश काट्याचे होते, आणि तो काटा २०°से. लाही जवळजवळ ४३५ च दाखवतो. वाद्यवृंदाने वाजवताना त्याच्याशी जुळावे असा त्या आदेशाचा हेतू होता. लंडनकरांनी तो आकडा थंड वाद्याचा समजला आणि त्यात वाद्य तापण्याची वाढ मिळवली. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की भरलेल्या सभागृहात ऑर्गन आणि बासऱ्या खरोखर कोठे पोहोचतात, हा त्यांचा प्रश्न योग्यच होता. एकाने प्रमाणाचे तापमान लिहिले, दुसऱ्याने ते वाद्याचे म्हणून वाचले. दोघांच्या मध्ये चार हर्ट्‌झ उरले.

४३९ चे ४४० कसे झाले?

युरोपच्या मुख्य भूमीवर ४३५ चालू राहिले. १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेने त्याला मान्यता दिली होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या १९१९ च्या व्हर्सायच्या तहात पुढे चालू ठेवायच्या करारांच्या यादीत या आधारस्वराच्या कराराचेही नाव आहे. ब्रिटनमध्ये ४३९ चालले, तर अमेरिकेत ४४०. खुद्द ४४० ची सूचना जुनीच होती. जर्मनीतील रेशमाचा कारखानदार आणि हौशी ध्वनिशास्त्रज्ञ शाइबलर याने ती १८३४ मध्ये श्टुटगार्टच्या निसर्गशास्त्रज्ञांच्या संमेलनात मांडली होती.

मग रेडिओ आला. एका देशातले गाणे दुसऱ्या देशात ऐकू येऊ लागले आणि सुरांतील फरक उघडे पडले. मे १९३९ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ४४० वर एकमत झाले. ब्रिटनला एक हर्ट्‌झ पुढे सरकणे सोयीचे होते, त्यालाही मौजेचे कारण आहे. प्रमाणस्वर आता विजेच्या साधनांनी तयार होणार होता. त्यासाठी क्वार्ट्‌झ स्फटिकाची १०,००,००० हर्ट्‌झची कंपने घ्यायची, त्यांना १००० ने भागायचे, ११ ने गुणायचे आणि २५ ने भागायचे. उत्तर येते ४४०. ४३९ ही मूळ संख्या आहे. ती अशा छोट्या गुणाकार-भागाकारांनी मिळत नाही. गणिताच्या तासाला मूळ संख्येचा व्यवहारात काय उपयोग, असे कोणी विचारले तर हे उदाहरण द्यावे. ४४० ला पुढे १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने शिफारस म्हणून आणि १९७५ मध्ये प्रमाण म्हणून मान्यता दिली.

आपली पेटी, आपली बासरी

हा झगडा आपल्याकडेही रोज घडतो, फक्त आयोगाविना. पेटीचा सूर पितळी पट्टीच्या कंपनावर ठरतो. ती नादकाट्याच्या कुळातली. तापली तर किंचित उतरते. बासरी ऑर्गनच्या नळीच्या कुळातली, ती चढते. गॅदरिंगला उन्हात तापलेल्या मांडवात पेटी आणि बासरी जुळत नाहीत तेव्हा दोष मुलाच्या कानाचा असेलच असे नाही. केवळ हवेचा हिशेब केला तर १०°से. आणि ४०°से. यांमध्ये बासरीचा सूर पाच टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराने बदलायला हवा. प्रत्यक्षात वादकाच्या श्वासाने नळीतली हवा थंडीतही बरीच उबदार होते, म्हणून फरक याहून कमी पडतो. आपली बासरी एकाच वेळूची. तिला ओढून लांब करता येत नाही. वादक फुंकीचा कोन बदलून, ओठ कमी-अधिक झाकून सूर सांभाळतो. मुलाने वाजवण्यापूर्वी दोन मिनिटे बासरी फुंकून घेतली आणि मगच पेटीशी जुळवली, तर निम्मे भांडण मिटते.

वर्गात करण्यासारखा एक सोपा प्रयोग आहे. सारख्या लांबीच्या दोन परीक्षानळ्या घ्याव्यात. एक तशीच ठेवावी. दुसरी तोंड कोरडे ठेवून काही मिनिटे गरम पाण्यात उभी धरावी, मग कापडात धरून बाहेर काढावी. दोन्हींच्या तोंडावर आळीपाळीने हलकेच फुंकावे. नळीतली हवा ६०°से. पर्यंत तापली असेल तर स्वर अर्ध्या स्वराने वर ऐकू येईल आणि नळी निवेल तसा खाली उतरत जाईल. काच तर किंचित लांबच झाली आहे, हे मुलांना आठवून द्यावे.

अकरावी-बारावीचे विद्यार्थी अनुनाद नळीने ध्वनीचा वेग काढतात. त्या प्रयोगात नादकाटा आणि हवेची नळी शेजारी शेजारी असतात, जणू पॅरिस आणि लंडन एकाच टेबलावर. जर्नलमध्ये 'खोलीचे तापमान' अशी एक ओळ असते. बरेच जण ती शेवटी, शेजारच्याचे बघून भरतात. त्या ओळीवर बोट ठेवून विचारावे, हे तापमान काट्याचे की नळीतल्या हवेचे? दोन्हींचे असेल तर त्यांपैकी कोणाला त्याने फरक पडतो? एका नामांकित संस्थेने १८९६ मध्ये हाच प्रश्न विचारला नव्हता.